हो, ब्लूटूथ चालत नाही

ओपनबीएसडी ही लिनक्ससारखीच एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, आणि ती वापरणाऱ्यांना एक खोड आहे. कोणी साधं विचारलं की "यात अमुक चालतं का?", तर "नाही" म्हणायच्या आधी आम्ही दहा मिनिटं भाषण देतो. ब्लूटूथ नाही? अहो, ब्लूटूथ मुळातच असुरक्षित. एनव्हिडियाचं कार्ड धड चालत नाही? दोष त्या कंपनीचा, माहिती खुली करत नाही. वीज गेल्यावर डिस्क तपासत बसते? मग यूपीएस नाही का तुमच्याकडे? विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असतं, आणि त्याच्या हातात पडतं प्रवचन. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

मीही त्याच गोतावळ्यातली. नोकरीत दिवसभर लिनक्सचे सर्व्हर सांभाळते आणि माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर बरीच वर्षं ओपनबीएसडी आहे. या निवडीची बाजू मला मांडायचीच आहे. पण आमच्या लोकांनी ती ज्या पद्धतीने मांडून ठेवलीय, ती मला पटत नाही. म्हणून आधी नन्नाचा पाढा वाचून टाकते.

ब्लूटूथ नाही. पूर्वी होतं, २०१४ साली काढून टाकलं. असलेला कोड नीट चालत नव्हता आणि तो सुधारायला कोणी पुढे येत नव्हतं, एवढं साधं कारण. माझ्या भाच्याने हे ऐकलं तेव्हा त्याचा विश्वासच बसेना.

"मावशी, काढून टाकलं म्हणजे? परत टाकता येत नाही?"

"नाही रे."

"मग हेडफोनचं काय करतेस?"

वायरचे वापरते. वायर नकोच असेल तर यूएसबीला लावायचा एक छोटा ठोकळा मिळतो. तो लॅपटॉपला साधं साउंडकार्ड म्हणून दिसतो आणि ब्लूटूथची सगळी बोलणी आतल्या आत स्वतःच करतो. चालतो तो, पण जुगाड तो जुगाडच.

एनव्हिडियाच्या कार्डावर चित्र उमटतं, त्यापलीकडे त्या कार्डाचा काही उपयोग नाही. वाइन नाही, त्यामुळे विंडोजचे प्रोग्रॅम नाहीत. लिनक्सचे तयार प्रोग्रॅम चालवायची सोय एके काळी होती, तीही २०१६ मध्ये गेली. फाइल सिस्टिमला जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) नाही, म्हणजे मशीन अचानक बंद पडलं तर पुढच्या वेळी सुरू होताना डिस्कची तपासणी होणार आणि डिस्क मोठी असेल तर तुम्ही वाट बघणार. वेगाच्या बाबतीत त्याच मशीनवर लिनक्स पुढे असतं, आणि हे कळायला मोजमाप करावं लागत नाही, ब्राउझरमध्ये पानं उघडायला लागलात की जाणवतं. टर्मिनलमध्ये एक्सटर्म वापरलात तर देवनागरी जोडाक्षरांची पार वाट लागते. ब्राउझरमध्ये मात्र मराठी व्यवस्थित दिसतं, नोटोचे फॉन्ट टाकले की झालं.

आता आमचं लाडकं घोषवाक्य. ओपनबीएसडीच्या संकेतस्थळावर अभिमानाने लिहिलेलं असतं की इतक्या प्रदीर्घ काळात मूळ इन्स्टॉलेशनमध्ये दुरून घुसता येतील अशी फक्त दोनच भोकं सापडली. एक २००२ मध्ये ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅममध्ये, दुसरं २००७ मध्ये आयपीव्ही६च्या कोडमध्ये. विधान खरं आहे. पण ते कसं मोजलंय तेही बघायला हवं. "मूळ इन्स्टॉलेशन" म्हणजे काहीही सुरू न केलेलं मशीन. जिथे जवळपास सगळी दारं पहिल्यापासून बंद, तिथे दारं किती कमी फुटली हे सांगण्यात कौतुक ते किती? जानेवारी २०२० मध्ये ओपनएसएमटीपीडीत, म्हणजे यांच्याच मेल सर्व्हरमध्ये, थेट रूटचे, म्हणजे मशीनवरचे सगळे, अधिकार मिळवून देणारी भयंकर चूक सापडली. तो सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये फक्त आपल्याच मशीनवरून येणारी मेल ऐकतो, त्यामुळे घोषवाक्यातला आकडा दोनवरच राहिला. ज्यांनी तो बाहेरची मेल घ्यायला लावला होता त्यांना त्या आकड्याचं काय?

म्हणून वादात कोणी ते वाक्य तोंडावर फेकलं की मला कानकोंडं होतं. मी ही सिस्टिम त्या वाक्यासाठी वापरत नाही.

मी ती वापरते, कारण माझ्या मशीनवर काय चाललंय ते मला कळतं. हे ऐकायला फार मोठं वाटतं, म्हणून एक लहानसंच उदाहरण घेते. वायफाय.

माझ्या नोकरीतल्या लिनक्सवाल्या मशीनवर वायफाय कोण चालवतं, याचं उत्तर वितरणागणिक, म्हणजे लिनक्सच्या प्रकारागणिक, बदलतं. नेटवर्कमॅनेजर असेल, सिस्टिमडीचा नेटवर्कडी असेल, खाली डब्ल्यूपीए सप्लिकंट असेल किंवा त्याच्या जागी दुसरंच काही. आयपी पत्ता कोणी घेतला, डीएनएसची फाइल कोणी लिहिली, आणि मी हाताने बदललेली ती फाइल कोणी पुसली, हे शोधण्यात माझ्या आयुष्यातल्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत. त्यासाठी पगार मिळतो, म्हणून तक्रार नाही.

ओपनबीएसडीवर इटीसी फोल्डरमध्ये एक फाइल असते. नाव "होस्टनेम", मग टिंब, मग कार्डाच्या ड्रायव्हरचं नाव आणि क्रमांक. माझ्याकडे ते "आयडब्ल्यूएक्स०" आहे. त्या फाइलीत दोन ओळी आहेत. पहिलीत "जॉइन", नेटवर्कचं नाव, "डब्ल्यूपीएकी" आणि पासवर्ड. दुसरीत "आयनेट ऑटोकॉन्फ". संपलं. दुसऱ्या ठिकाणचं नेटवर्क हवं असेल तर "जॉइन"ची आणखी एक ओळ, मग जे आसपास सापडेल त्याला ते जोडून घेतं. केबलच्या नेटवर्कसाठीही तशीच फाइल आणि नेटवर्क लावणारा तोच प्रोग्रॅम, आयएफकॉन्फिग.

आणि हे मला कुठल्या फोरमवरच्या सात वर्षं जुन्या उत्तरात शोधावं लागलं नाही. "मॅन" म्हणजे सिस्टिमबरोबरच येणारी माहितीची पानं उघडणारी आज्ञा. "मॅन होस्टनेम.इफ" असं टाइप केलं, पान उघडलं, उदाहरणासकट सगळं तिथे होतं. "मॅन आयडब्ल्यूएक्स" केलं तर त्या ड्रायव्हरचं स्वतंत्र पान: कुठल्या चिप चालतात, फर्मवेअरच्या (कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कुठल्या फाइली लागतात, कुठली एरर आली तर तिचा अर्थ काय, आणि शेवटी काय काय जमत नाही. या प्रकल्पात मॅन पानातली चूक ही कोडमधल्या चुकीसारखीच चूक धरतात आणि दुरुस्त करतात. नवीन सोय आली आणि तिचं पान आलं नाही, असं मी पाहिलेलं नाही. विमानतळावर, नेट नसताना, मी फायरवॉलचे नियम नुसत्या मॅन पानावरून लिहिलेले आहेत.

फायरवॉलवरून आठवलं, या सिस्टिमशी माझी ओळखच तिच्या पीएफ नावाच्या फायरवॉलमुळे झाली. त्याचा इतिहास मजेशीर आहे. २००१ पर्यंत ओपनबीएसडीत आयपीफिल्टर नावाचं दुसऱ्याने लिहिलेलं फायरवॉल होतं. त्याच्या परवान्यावरून खटका उडाला, तो कोड सरळ उपटून काढला गेला, आणि डॅनियल हार्टमायर यांनी नवीन लिहायला घेतलेलं पीएफ त्याच वर्षीच्या डिसेंबरात ३.० आवृत्तीबरोबर बाहेर पडलं. त्याचे नियम वाचता येतात. "ब्लॉक", "पास आउट", "पास इन ऑन इग्रेस". यातलं "इग्रेस" म्हणजे ज्या कार्डावरून बाहेरचा रस्ता जातो ते कार्ड, मग त्याचं नाव काहीही असो. आयपीटेबल्सच्या, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलच्या, डॅश-डॅश-अमुकच्या जंगलात वाढलेल्या मला हे पहिल्यांदा वाचून जे वाटलं, ते तंत्रज्ञानाच्या बाबतीत मला फार कमी वेळा वाटलंय.

असंच "डूअस". सुडू म्हणजे साध्या वापरकर्त्याला तात्पुरते रूटचे अधिकार देणारा प्रोग्रॅम; त्याच्या जागी यांनी २०१५ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम आणला. सुडूमध्ये हजार सोयी, त्यातल्या नऊशे नव्वद मला जन्मात लागणार नाहीत. माझी डूअसची संपूर्ण सेटिंग एका ओळीची आहे आणि ती ओळ मला तोंडपाठ आहे. २०२१ च्या जानेवारीत सुडूमध्ये जवळपास दहा वर्षं लपलेली एक चूक सापडली आणि नोकरीत आमची धावपळ झाली. घरच्या लॅपटॉपवर सुडू नव्हताच, तर काय करणार?

पण यातली सगळ्यात आवडती गोष्ट मला विचाराल तर "प्लेज". प्रोग्रॅम सुरू झाला, त्याने आपली तयारी केली, की तो कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सांगतो: इथून पुढे मी फक्त एवढंच करीन. उदाहरणार्थ "कॅट", फाइल वाचून पडद्यावर दाखवणारा बिचारा. तो सांगतो की मी वाचीन आणि लिहून दाखवीन, बस. यानंतर त्याने नेटवर्क उघडायचा प्रयत्न केला, मग चूक असो की कोणी आत घुसून त्याला करायला लावलेलं असो, कर्नल त्याला जागच्या जागी ठार मारतं. ताकीद नाही, दुसरी संधी नाही. २०१६ च्या ५.९ आवृत्तीपर्यंत सिस्टिमबरोबर येणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमना हे व्रत लावून झालं होतं. अशा बंधनाच्या सोयी लिनक्सवरही आहेत, आणि ताकदवान आहेत. पण तिथे नियम बहुतेक वेळा बाहेरून कोणीतरी लिहितं आणि ते जाचायला लागले की कोणीतरी बंद करतं. इथे ज्याने प्रोग्रॅम लिहिला तोच त्यात दोन ओळी घालतो, आणि वापरणाऱ्याला बंद करायचं बटणच नाही.

याचा जाच मला रोज होतो, हेही सांगते. २०१८ पासून प्लेजच्या जोडीला "अनव्हेल" आहे: प्रोग्रॅमला डिस्कवरचे कुठले फोल्डर दिसावेत ते ठरवणारं. फायरफॉक्सला माझ्या होम फोल्डरमधलं "डाउनलोड्स" दिसतं, माझी बाकीची कागदपत्रं नाहीत. म्हणजे कुठल्या अर्जाला फोटो जोडायचा असेल तर आधी फोटो डाउनलोड्समध्ये नेऊन ठेवायचा आणि मगच जोडायचा. नवऱ्याने एकदा माझ्या लॅपटॉपवरून काही अपलोड करायला घेतलं आणि पाच मिनिटांनी हाक आली, "अगं, तुझ्या फायली गेल्या की काय सगळ्या?" गेल्या नव्हत्या. ब्राउझरला दिसत नव्हत्या. ब्राउझर म्हणजे दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड आणून चालवणारं यंत्र. त्याला माझ्या एसएसएचच्या चाव्या दिसायचं कारण काय? मला तो जाच मंजूर आहे. नवऱ्याला नाही, आणि त्याचंही काही चुकत नाही.

मायक्रोफोनचंही तसंच. मूळ सेटिंगमध्ये ध्वनिमुद्रण बंद असतं, पण गंमत अशी की प्रोग्रॅमला "नाही" असं उत्तर येत नाही. त्याला मायक्रोफोन मिळतो आणि त्यातून निव्वळ शांतता येत राहते. मीटिंगमध्ये सगळे "आवाज येत नाहीये तुमचा" म्हणून ओरडत असतात आणि माझ्या बाजूला सगळं सुरळीत दिसतं. सिसीटीएल नावाच्या कर्नलच्या सेटिंगमधला एक आकडा शून्याचा एक केला की आवाज सुरू. मी तो मीटिंगपुरता एक करते आणि नंतर परत शून्य. अतिरेक आहे का? असेल.

आमची मंडळी आणखी एक मुद्दा मांडतात: "तुम्ही नावं ठेवा, पण आमचीच कामं रोज वापरता." हे शब्दशः खरं आहे. ओपनएसएसएच १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या लोकांनीच सुरू केलं. आज ते जवळपास प्रत्येक लिनक्सवर आहे, मॅकओएसवर आहे, विंडोजबरोबरही येतं. पीएफ मॅकमध्ये आहे. एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनलं चालवणारा टीमक्स यांच्या मूळ सिस्टिमचा भाग आहे. पण म्हणून ओपनबीएसडी वापरा असा त्याचा अर्थ कुठे होतो? उलटच होतो. ज्याला त्यातलं उत्तम ते लिनक्सवर बसल्याजागी मिळतं, त्याने ब्लूटूथ कशाला सोडावं?

त्याच गोष्टीची एक बाजू मात्र मला सांगावीशी वाटते. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचच्या सर्व्हरमध्ये मोठी चूक जाहीर झाली, पासवर्डशिवाय रूट होता येईल अशी. चूक याच लोकांच्या हातून २०२० मध्ये झालेली, म्हणजे देव कोणीच नाही. पण तिचा फटका ग्लिबसी ही पायाभूत लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सला होता, ओपनबीएसडीला नव्हता. कारण काय? ठरावीक वेळेत लॉगिन झालं नाही की सर्व्हरला एक सिग्नल येतो, आणि तो हाताळताना नोंद लिहिण्यासाठी एक फंक्शन बोलावलं जातं. ग्लिबसीमधलं ते फंक्शन अशा अर्धवट क्षणी बोलावणं धोक्याचं. ओपनबीएसडीने नेमक्या अशाच प्रसंगासाठी त्याची सुरक्षित आवृत्ती २००१ मध्येच करून ठेवली होती. तेव्हा कोणी ती मागितली नव्हती, आणि तिच्या कौतुकाची बातमीही कुठे आली नसेल. हे वाचून मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले होते, आणि मग उठून नोकरीतले सगळे सर्व्हर अपडेट करायला बसले.

काढून टाकायची हिंमत हा यांचा गुण मला फार भावतो, पण तो प्रत्येक वेळी फळतोच असं नाही. जून २०१८ मध्ये यांनी इंटेल प्रोसेसरांवरचं हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं चालवायची सोय, मुळातूनच बंद ठेवायचं ठरवलं. लोकांनी वेड्यात काढलं, कारण त्यात कामाचा वेग जातो. पुढे ऑगस्टमध्ये आणि नंतर २०१९ च्या मे महिन्यात प्रोसेसरांमधले जे दोष जाहीर झाले, त्यात हायपरथ्रेडिंगचाच धोका निघाला. तिथे हे जिंकले. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाची मोठी चूक जाहीर झाली तेव्हा ती ज्यात होती त्या ओपनएसएसएलचा, म्हणजे नेटवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या लायब्ररीचा, कोड घेऊन यांनी लिब्रेएसएसएल सुरू केलं आणि पहिल्या आठवड्यात सी भाषेतल्या ९०,००० पेक्षा जास्त ओळी कापून काढल्या. त्या वेळी वाटलं की आता सगळं जग इकडे येणार. आलं नाही. ज्या थोड्या लिनक्स वितरणांनी ते घेतलं, त्यातल्या व्हॉइड आणि जेंटू यांनी २०२१ मध्ये त्याचा नाद सोडला. ओपनएसएसएललाही तोवर पैसा आणि माणसं मिळाली होती, ते सुधारलं. हे आमच्यातले लोक सांगत नाहीत.

मुळात हा प्रकल्प भांडणातूनच जन्मला. थिओ दे राड्ट यांना नेटबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य गटातून बाहेर काढलं गेलं आणि १९९५ मध्ये त्यांनी कॅनडातल्या कॅलगरीहून आपली वेगळी चूल मांडली. माणूस तापट, बोलणं तिखट, हे जगजाहीर आहे. माणसं मोजकी. जानेवारी २०१४ मध्ये तर सर्व्हरांच्या विजेचं बिल, सुमारे २०,००० कॅनेडियन डॉलर, भरायची पंचाईत झाली होती आणि प्रकल्प बंद पडेल असं त्यांनी उघड सांगितलं होतं. देणग्या आल्या म्हणून निभावलं. सगळ्या जगाचं रिमोट लॉगिन ज्यांच्या कोडवर चालतं, त्यांच्यावर ही वेळ. याचा मला रागही येतो आणि तरी नवल वाटत नाही. जे फुकट आणि बिनबोभाट चालतं त्याच्याकडे कोण बघतं?

तरीही "सगळ्यांनी ओपनबीएसडीवर यावं" असं मला अजिबात वाटत नाही. गेम खेळायचे असतील तर नको. ऑफिसचा ठरावीक प्रोग्रॅम लागत असेल तर नको. एकदा टाकून पाच वर्षं विसरून जायचं असेल तर मुळीच नको. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात, म्हणजे वर्षभरात हललं नाही तर तुम्ही वाऱ्यावर. हलणं सोपं आहे, "सिसअपग्रेड" म्हणायचं, मशीन स्वतःच उतरवून घेतं आणि पुन्हा सुरू होतं. पण करायला हवं.

एवढं वाचूनही हात शिवशिवत असतील तर जुना इंटेलचा, एनव्हिडिया नसलेला लॅपटॉप शोधा. इन्स्टॉलर म्हणजे काळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न, आणि बहुतेकांना नुसतं एंटर दाबलं तरी योग्य तेच होतं. एक अडचण मात्र नक्की येईल: इंटेलच्या वायफायचं फर्मवेअर परवान्यामुळे इन्स्टॉलच्या पेनड्राइव्हवर नसतं, ते नेटवरून घ्यावं लागतं, आणि नेट तर वायफायवर. केबल असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, यूएसबी टेदरिंग सुरू करा, मग ते "युआरएनडीआयएस०" नावाने दिसेल. त्याला "आयनेट ऑटोकॉन्फ" द्या आणि "एफडब्ल्यू अंडरस्कोर अपडेट" चालवा. न जमल्यास मॅन पान वाचा, आणि तरीही न जमल्यास मला लिहा. फक्त ब्लूटूथबद्दल विचारू नका.